मांजर लिटर बॉक्स का सोडतं?

 

आजचा विषय चारचौघांत बोलायला जरा संकोच वाटेल असा आहे. संध्याकाळी पाहुणे यायचे असतात. स्वयंपाक झालेला असतो. तुम्ही बेडरूममध्ये जाता आणि वास येतो. पलंगावरची आईने शिवून पाठवलेली गोधडी ओली असते. लिटर बॉक्स शेजारच्या खोलीत असतो आणि मांजर कोपऱ्यात शेपटी गुंडाळून निवांत बसलेलं असतं. आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "मुद्दाम करतंय हे!"

आज मला एवढंच सांगायचं आहे की ते मुद्दाम करत नाही. आपल्यावर राग म्हणून गोधडी भिजवायची, हा हिशोब मांजराच्या डोक्यात नसतो. रोज बॉक्समध्ये जाणारं मांजर एक दिवस बाहेर करायला लागलं, तर त्याला काहीतरी दुखतंय, बॉक्स नकोसा झालाय, किंवा घरात कशाने तरी ते धास्तावलंय. कारण शोधायचं ते याच क्रमाने: आधी शरीर, मग बॉक्स, मग घर. क्रम का महत्त्वाचा, ते आमच्या घरच्या गोष्टीवरून सांगते.

आमच्या बोक्याचं नाव भोपळ्या. रंग नारिंगी, आणि घरी आला तो हॅलोविनच्या आठवड्यात, म्हणून मुलीनं ठेवलेलं नाव. एका वर्षी आम्ही डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला गेलो. ओळखीतलं कुणीतरी रोज येऊन त्याला खायला घालत होतं. आम्ही परत आलो आणि दुसऱ्या आठवड्यात भोपळ्यानं बाथरूममधल्या मॅटवर दोन-चार थेंब केले. मग टबमध्ये. नवरा म्हणाला, आपण सोडून गेलो म्हणून रुसलाय. मीही तेच धरून चालले. मी त्याला रागावले सुद्धा. दिवसभर तो बॉक्समध्ये जाऊन बसायचा, उठायचा, पुन्हा जायचा. मला वाटलं, बद्धकोष्ठ झालं असेल, उद्या बघू.

आमच्या घरी बॉक्स साफ करायचं काम तेव्हा हायस्कूलमधल्या लेकीकडे होतं. रात्री ती स्कूप हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, बॉक्समध्ये कालपासून एकही गोळा नाहीये." लघवीनं लिटरचे जे गोळे होतात, त्यातला एकही नाही. म्हणजे तो रुसला नव्हता, त्याची लघवी तुंबली होती. रात्री साडेदहाला बर्फातून रूट 46 नं गाडी काढली आणि चोवीस तास उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी पोटाला हात लावला तर मूत्राशय चेंडूसारखं टणक लागत होतं. तीन रात्री नळी घालून, सलाइन लावून ठेवावं लागलं. भोपळ्या वाचला. सकाळपर्यंत थांबला असतात तर कदाचित नसता वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

हे का होतं ते समजून घ्या. बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा लांब आणि खूप अरुंद असतो. मूत्राशयाला सूज आली की चिकट द्रव आणि बारीक खडे यांचा बोळा होऊन तो मार्गात अडकू शकतो. लघवी बाहेर पडत नाही म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडत नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. पूर्ण अडलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो, कधी त्याहून लवकर.

म्हणून ही लक्षणं पाठ करून ठेवा. बोका पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जातो, जोर करतो, पण काही होत नाही किंवा थेंबभरच होतं. ओरडतो, कण्हतो. मागचा भाग सारखा चाटतो. लघवीत लालसर झाक दिसते. पुढे खाणं सोडतो, उलट्या करतो, पलंगाखाली लपून बसतो. बॉक्समध्ये बसून जोर करणारं मांजर आपल्याला बद्धकोष्ठाचं वाटतं, आणि तिथेच आपण फसतो. अशा वेळी सोमवारची अपॉइंटमेंट घेऊ नका. रात्र असो, रविवार असो, तातडीच्या दवाखान्यात फोन करा, "बोका आहे आणि लघवी होत नाही" एवढं सांगा आणि निघा. जवळचा चोवीस तासांचा दवाखाना कुठला आणि त्याचा नंबर काय, हे आजच बघून फ्रिजवर लावून ठेवा. बिल मोठं होतं, हेही खोटं नाही. पण लवकर गेलं तर उपचार सोपे असतात आणि खर्चही कमी येतो.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. आपल्या घराघरांत भारतातून आणलेली औषधांची पिशवी असते. मांजर कण्हतंय म्हणून कुणी मायेपोटी क्रोसिनचा तुकडा दुधात घालून देतं. मंडळी, क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. इथलं टायलेनॉल तेच. ते पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अतिशय तोकडी असते. एका गोळीनं मांजर मरू शकतं. आयब्युप्रोफेनही नको. चुकून पोटात गेलंच, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. ए.एस.पी.सी.ए. या संस्थेचं प्राण्यांच्या विषबाधेसाठीचं फोन केंद्रही चोवीस तास चालू असतं. ते फी घेतात, पण सल्ला लगेच मिळतो.

प्रत्येक वेळी प्रकरण इतकं गंभीर नसतं. पण बॉक्स सोडणाऱ्या कुठल्याही मांजराला आधी डॉक्टरकडे न्यायचं आणि लघवीची तपासणी करून घ्यायची, हा नियम ठेवा. आपल्याकडे माणसाला "उन्हाळी लागली" म्हणतात, तशी जळजळ मांजरालाही होते. कधी मूतखडा असतो. वयस्कर मांजरांत मूत्रपिंडाचे आजार बरेच दिसतात. मधुमेह होतो, थायरॉइड वाढतं. यात मांजर पाणी जास्त पितं, लघवी जास्त होते, बॉक्स लवकर भरतो, आणि भरलेल्या बॉक्समध्ये ते जात नाही. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात. उंच कडेचा बॉक्स चढून जाणं त्याला नको होतं, मग ते बॉक्सच्या अगदी शेजारी शी करून ठेवतं. आपल्याला तो खोडसाळपणा वाटतो. ते बिचारं दारापर्यंत आलेलं असतं, उंबरठा ओलांडवत नाही एवढंच.

ज्या मांजरांची नखं शस्त्रक्रियेनं काढलेली असतात, त्यांच्यातल्या काहींचे पंजे दुखत राहतात आणि खडबडीत लिटरवर पाय ठेवणं त्यांना सोसत नाही. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यानं 2019 मध्ये अशा शस्त्रक्रियेवर बंदी घातली. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. शेल्टरमधून मोठं मांजर आणलं असेल, तर त्याचे पंजे एकदा बघून घ्या.

समजा, डॉक्टर म्हणाले की शरीरात काही नाही. मग बॉक्सकडे बघायचं. आणि ते मांजराच्या नजरेनं बघायचं.

लहानपणी गावी आजीकडे मांजर होतं ना? त्याला कुणी बॉक्स शिकवला होता? ते परसात जायचं, केळीच्या बुंध्याशी मऊ माती उकरायचं, काम उरकून झाकायचं आणि परत यायचं. चुलीतली राख बाहेर टाकली की तिथेही जायचं. आपल्या घरच्या मांजरांचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातली रानमांजरं. मऊ भुसभुशीत माती, उकरायला ऐसपैस जागा, चारी बाजूंना नजर आणि पळून जायला वाट, एवढं त्यांना लागतं. आजीच्या परसात ते सगळं होतं. शिवाय जागा रोज नवी मिळायची.

अमेरिकेतही पूर्वी लोक घरातल्या मांजरासाठी वाळू, राख, लाकडाचा भुसा वापरायचे. 1947 साली मिशिगनमधल्या कॅसोपोलिस गावात एड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली, कारण राखेचे पाय घरभर उमटत होते. एडच्या वडिलांचा तेल शोषणारा माल विकायचा धंदा होता. त्यानं वाळूऐवजी भाजलेल्या चिकणमातीचे कण दिले. ते इतके आवडले की त्यानं 5 पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यावर "किटी लिटर" असं लिहिलं आणि 65 सेंटला विकायला काढल्या. ती माती कुठली माहिती आहे? आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती, तिच्याच जातीची. गोळे होणारं लिटर बेंटोनाइट मातीचं असतं, ते बऱ्याच नंतर, 1980 च्या दशकात आलं.

म्हणजे लिटर बॉक्स हे आजीच्या परसाचं पेटीत बसवलेलं रूप आहे. आता आपण ती पेटी कुठे ठेवतो ते पाहा. पार्सिपनीत आपल्यापैकी बरेच जण गार्डन अपार्टमेंटमध्ये राहतात. जागा कमी, म्हणून बॉक्स छोटा, झाकणाचा, आणि बाथरूमच्या दारामागे. ज्यांचं घर आहे त्यांचा बॉक्स बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीन आणि फर्नेसच्या मध्ये. एकदा ते मांजर आत बसलेलं असताना कपड्यांचं मशीन गडगडायला लागतं. थंडीत फर्नेस धडकन सुरू होते. मांजर उडी मारून पळतं आणि मनाशी ठरवतं की ही जागा धोक्याची आहे. त्या दिवसापासून त्याला जिन्याखालचा गालिचा बरा वाटतो.

मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2014 मध्ये या प्रश्नावर एकत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा सारांश आपल्या भाषेत सांगते.

पहिलं, आकार. बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी हवी. दुकानातले बहुतेक बॉक्स त्याहून लहान असतात. आपण स्वेटर ठेवायला जे मोठे प्लॅस्टिकचे स्टोरेज बिन आणतो, त्याची एक बाजू खाली कापली, कापलेली कड घासून गुळगुळीत केली, की उत्तम बॉक्स होतो. म्हाताऱ्या मांजरासाठी ती बाजू अगदी बुटकी ठेवा.

दुसरं, संख्या. जितकी मांजरं त्याहून एक जास्त. एक मांजर, दोन बॉक्स. दोन मांजरं, तीन बॉक्स. आणि तिन्ही एका ओळीत ठेवले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा. घराला दोन मजले असतील तर दोन्हीकडे हवेत. दोन मांजरांच्या घरात एक दांडगं मांजर दारात आडवं बसतं आणि दुसऱ्याला जाऊ देत नाही. हे भांडणासारखं दिसतही नाही, नुसतं बसणं असतं. म्हणून एका वाटेवर सगळी भिस्त ठेवू नका.

तिसरं, लिटर. बहुतेक मांजरांना बारीक कणांचं, गोळे होणारं, बिनवासाचं लिटर आवडतं. लॅव्हेंडरचा वास आपल्यासाठी घातलेला असतो, मांजराला तो नाकात झोंबतो. दुकानात सेल लागला म्हणून एकदम दुसऱ्या जातीचं लिटर आणून ओतू नका. बदलायचंच असेल तर दुसऱ्या बॉक्समध्ये नवं घालून बघा आणि निवड मांजरावर सोडा. थर दोनेक इंच पुरतो. झाकणाचा बॉक्स काही मांजरांना चालतो, काहींना नाही. आत वास कोंडतो आणि बाहेर काय चाललंय ते दिसत नाही. शंका असेल तर आठवडाभर झाकण काढून बघा.

चौथं, सफाई. रोज एकदा तरी, जमलं तर दोनदा गोळे काढायचे. फ्लश न केलेल्या सार्वजनिक शौचालयात आपण जाऊ का? ठरावीक दिवसांनी सगळं लिटर टाकून बॉक्स साध्या साबणानं धुवायचा. जुन्या प्लॅस्टिकला चरे पडून वास मुरतो, तेव्हा वर्षाकाठी बॉक्स बदलला तर बरं.

सफाईवरून आठवलं. घरात पाळणा हलणार असला की भारतातून फोन येतो, "आधी ते मांजर घराबाहेर काढा." त्यामागची भीती टोक्सोप्लाझ्मोसिसची असते, आणि ती अगदीच निराधार नाही. पण मांजराच्या शीतून बाहेर पडणारे ते जंतू लागण करण्याजोगे व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून बॉक्स रोज साफ करायचा आणि ते काम गरोदर बाईनं न करता घरातल्या दुसऱ्यानं करायचं. मांजर घरातच राहणारं असावं, त्याला कच्चं मांस देऊ नये. मांजर काढायची गरज नाही. मात्र एक चूक होते. बाईनं काम सोडलेलं असतं आणि ते दुसऱ्या कुणी उचललेलं नसतं. बॉक्स चार-चार दिवस तसाच राहतो, मांजर बाहेर करतं, आणि मग सगळे म्हणतात, बघा, बाळ येणार म्हणून जळतंय.

शरीर ठीक, बॉक्स ठीक, तरी मांजर बाहेर करतंय. मग घराकडे बघायचं.

ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्यकानं मांजरांच्या मूत्राशयाच्या अशा दुखण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, ज्यात जंतू सापडत नाहीत, खडा सापडत नाही, तरी लघवीला त्रास होतो, रक्त जातं. तरुण मांजरांच्या लघवीच्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त या प्रकारच्या असतात. ताण आला की हे दुखणं उसळतं. 2011 मध्ये त्यांच्या गटानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 32 मांजरं होती, 20 हे दुखणं असलेली आणि 12 धडधाकट. 77 आठवडे रोज नोंदी ठेवल्या. ज्या आठवड्यांत रोजचा क्रम बिघडला, सांभाळणारी व्यक्ती बदलली, खाण्याची वेळ चुकली, त्या आठवड्यांत धडधाकट मांजरंही आजारी असल्यासारखी वागली. उलट्या, खाणं कमी, आणि बॉक्सच्या बाहेर शी-शू. एवढ्याशा बदलानं.

आता आपल्या घरांचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. एप्रिल-मेमध्ये आई-बाबा येतात, सहा महिने राहतात. गेस्ट रूम, जिथे मांजर दुपारी झोपायचं, तिचं दार बंद होतं. आईंना मांजराची सवय नसते, त्या हातातलं वर्तमानपत्र हलवून "हड्" करतात. गणपतीत दीड दिवस घरात चाळीस माणसं, झांजा, धूप, आणि ज्या खोलीत बॉक्स असतो तिथेच सगळ्यांच्या चपला आणि कोट. दिवाळीत फटाके नसले तरी घरात वर्दळ असते. डिसेंबरात बॅगा निघतात आणि तीन आठवडे घर रिकामं. यातलं काहीही सोडून द्या असं मी म्हणत नाही. आपण इतक्या लांब येऊन हेच तर जपतो. फक्त मांजराचं एक कोपऱ्यातलं बिऱ्हाड त्यातून वगळा.

म्हणजे काय करायचं? एक खोली मांजराची. निदान सणाच्या दिवशी तरी. आत बॉक्स, पाणी, खाणं, एक गोधडी, लपायला खोकं, आणि दारावर चिठ्ठी, "उघडू नका". आई-बाबा आले की पहिल्या आठवड्यात खाणं त्यांच्या हातून घालायला लावा. बाबा लोकांची आणि मांजरांची दोस्ती फार लवकर होते, असा माझा अनुभव आहे. भारतात जाताना मांजराला दुसरीकडे ठेवण्यापेक्षा त्याच्याच घरात रोज दोनदा कुणी येणारं बघा. येणाऱ्याला फक्त वाटी भरायला सांगू नका, गोळे मोजायलाही सांगा. आणि परत आल्यावरचे दोन आठवडे डोळे उघडे ठेवा. आमच्या भोपळ्याचं दुखणं तेव्हाच उसळलं. त्याला आता ओलं खाणं देतो, कारण पाणी पोटात जास्त गेलं की लघवी पातळ राहते. पाण्याच्या वाट्या घरात तीन ठिकाणी आहेत. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसामागे तो धावतो. एवढंच.

आता एक वेगळा प्रकार. मांजर भिंतीला, सोफ्याच्या पाठीला, पडद्याला, उभं राहून शेपटी थरथरवत थोडीशी फवारणी करतं. हे शू करणं नाही. ही हद्दीची खूण आहे. नर असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर ती करून घ्या. नसबंदीनंतर दहातले जवळजवळ नऊ बोके हे थांबवतात. नसबंदी झालेली असूनही करत असेल, तर डेकच्या काचेच्या दारातून बाहेर बघा. अपार्टमेंटच्या आवारात भटकी मांजरं असतात आणि रात्री त्यातलं एखादं काचेबाहेर येऊन बसतं. आपलं मांजर आतून आपल्या हद्दीची पाटी लावत असतं. काचेच्या खालच्या भागाला कागद लावला आणि बाहेर खाणं ठेवणं बंद केलं, तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि साफ कसं करायचं? आपला हात आधी फिनेल किंवा डेटॉलकडे जातो. नको. त्यातले फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजरांना विषारी असतात. ते ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं. अमोनियाचं क्लीनरही नको, त्याचा वास लघवीसारखाच असतो, म्हणजे आपण तिथे पुन्हा बोलावणंच धाडतो. लघवीवर ब्लीच ओतलं तर विषारी वायू निघतो. प्राण्यांच्या डागांसाठी एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते घ्या. आधी कागदानं टिपून घ्या, मग क्लीनर भरपूर ओता, गालिच्याच्या खालच्या थरापर्यंत, आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ थांबा. जुने डाग सापडत नसतील तर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च स्वस्त मिळतो. रात्री दिवे घालवून फिरवा, डाग चमकतात.

मांजराचं नाक डागावर घासू नका, ओरडू नका, मारू नका. दोन तासांपूर्वीच्या कृत्याशी ते ओरडणं जोडणं मांजराला जमत नाही. त्याला एवढंच कळतं की या माणसाची भीती बाळगायला हवी. आणि भ्यालेलं मांजर आणखी बाहेर करतं.

उलट, जागा काय सांगते ते वाचा. गोधडीवर, कपड्यांच्या ढिगावर केलं, तर त्याला मऊ पाहिजे, लिटर टोचतंय का बघा. टबमध्ये, सिंकमध्ये, फरशीवर केलं, तर गुळगुळीत गार जागा हवीशी वाटतेय. यात आधी आजाराची शंका घ्या, मग एका बॉक्समध्ये अगदी कमी लिटर घालून बघा. बॉक्सशेजारी केलं, तर बॉक्सबद्दलच तक्रार आहे. दारा-खिडक्यांपाशी केलं, तर बाहेरचं काही खुपतंय. आणि एकाच कोपऱ्यात रोज करत असेल, तर हट्ट सोडून तिथेच एक बॉक्स ठेवा. ते पुन्हा नेमानं जायला लागलं की तो बॉक्स रोज थोडा थोडा सरकवत हव्या त्या जागी न्या.

मंडळी, घाण करण्याची तक्रार हे अमेरिकेत मांजर शेल्टरला परत दिलं जाण्यामागचं एक मोठं कारण आहे. आपल्याच मॉरिस काउंटीत मॅडिसनला सेंट ह्यूबर्ट्स हे 1939 पासूनचं प्राणिकेंद्र आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी अशाच शेल्टरमध्ये हट्ट करून मांजर घरी आणलेलं असतं. ते परत नेऊन द्यायची वेळ आलीच, तर आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. डॉक्टरनं लघवी तपासली का? घरात एक जास्तीचा, मोठा, उघडा, स्वच्छ बॉक्स शांत जागी ठेवून बघितला का? गेल्या महिन्यात घरात काय बदललं? या तिन्हींची उत्तरं दिल्यावर बहुतेक घरांत मांजर राहतं आणि गोधडीही कोरडी राहते.

भोपळ्या आता नऊ वर्षांचा आहे. हे लिहिताना माझ्या टेबलाखाली झोपलाय. लेक कॉलेजला गेली, त्यामुळे गोळे मोजायचं काम आता माझ्याकडे आलंय. रोज रात्री झोपण्याआधी मी मोजते. दोन किंवा तीन असले की दिवा घालवते. तुमच्या घरी मांजर असेल, तर आज रात्रीपासून तुम्हीही मोजा. आणि बोका असेल, आणि एकही गोळा सापडला नाही, तर सकाळची वाट बघू नका.